क्यूजीआयएसमध्ये लेयर जागेवर बसत नाही? आधी ती कुठे जाऊन पडलीय ते बघा

"सर, आमचं खाजन समुद्रात गेलं." पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीचं काम निघालं किंवा कॉलेजात प्रोजेक्ट जमा करायची तारीख जवळ आली, की अशा अर्थाचे फोन मला ठरलेले. कधी खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन), कधी देवराई, कधी अख्खा वाडा. फोन करणारा वेगळा असतो, दुखणं मात्र एकच: क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन लेयर, म्हणजे नकाशाचे थर, एकमेकींवर बसत नाहीत. मग कोणी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतो, कोणी फाइल नव्याने मागवतो, कोणी सरळ माउसने लेयर ओढून जागेवर आणतो. तिन्हींचा उपयोग नाही, आणि तिसऱ्याने तर नुकसानच होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की चुकलेली लेयर कुठे जाऊन पडली आणि किती अंतरावर पडली, यातच निम्मं निदान असतं. म्हणून लगेच काहीही दुरुस्त करायला जाऊ नका. आधी बघा.

लक्षणं

गोव्यापुरती ही दुखणी पाच प्रकारांत मोडतात.

लेयर यादीत दिसते, नकाशावर नाही. उजवं क्लिक करून "झूम टू लेयर" केलं की पांढरा पडदा येतो, किंवा लेयर दिसते पण खालचा उपग्रहाचा फोटो गायब होतो.

लेयर दिसते, पण भलत्याच मुलखात: आंध्रात, अरबी समुद्रात, मालदीवजवळ, नाहीतर पार आर्क्टिकमध्ये.

लेयर गोव्यातच, योग्य गावाजवळच आहे, पण सगळीच्या सगळी एका दिशेला शंभर ते तीनशे मीटर सरकलेली.

पाच-दहा मीटरचा फरक, तोही इथे एवढा आणि तिथे तेवढा.

लेयर चोख जागेवर बसते, पण क्षेत्रफळ उताऱ्याशी जुळत नाही. हे पाचवं लक्षण सगळ्यात फसवं, कारण डोळ्यांना काहीच खटकत नाही.

पहिली तपासणी: प्रश्नचिन्ह आणि उजवा कोपरा

पैसा लागत नाही, अर्ध्या मिनिटाचं काम. लेयर पॅनलमध्ये लेयरच्या नावाशेजारी छोटं प्रश्नचिन्ह आहे का? असेल तर त्या लेयरला सीआरएस, म्हणजे कोऑर्डिनेट कोणत्या पद्धतीत मोजलेत याची नोंदच नाही. मग क्यूजीआयएस ते आकडे प्रोजेक्टच्या पद्धतीत आहेत असं धरून चालतं. प्रोजेक्टचा सीआरएस खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेला असतो. आपण वेगळं काही सांगितलं नसेल, तर पहिल्यांदा टाकलेल्या लेयरचाच सीआरएस प्रोजेक्टला लागतो. म्हणून त्याच फाइली एकाच्या लॅपटॉपवर जुळतात आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर नाहीत. दोघांनी वेगळ्या क्रमाने टाकलेल्या असतात, बस.

प्रश्नचिन्ह नसलं म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. सेटिंग्जमध्ये ऑप्शन्सच्या खाली सीआरएसचं पान आहे. लेयरला सीआरएस नसेल तर काय करायचं, ते तिथे ठरतं. तिथे कोणी "डीफॉल्ट सीआरएस लाव" असं करून ठेवलं असेल, तर क्यूजीआयएस गुपचूप ईपीएसजी ४३२६ (अंशांतल्या रेखांश-अक्षांशांच्या सीआरएसचा कोड) चिकटवतं आणि प्रश्नचिन्ह येतच नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या मशीनवर हे हमखास सापडतं. तो पर्याय "अननोन ठेव" किंवा "विचार" असा करून टाका.

लेयर शेपफाइल या प्रकारातली असेल तर फोल्डर उघडून बघा. शेपफाइल म्हणजे एक फाइल नव्हे. डॉट एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे अशी ती बिऱ्हाडासकट फिरते. सीआरएसची नोंद पीआरजेमध्ये असते. व्हॉट्सॲपवर एकटी एसएचपी पाठवली की पीआरजे मागे राहते आणि पुढच्याची पंचाईत होते. अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा पाठवणाऱ्याला फोन करून बाकीच्या फाइली मागवणं स्वस्त.

दुसरी तपासणी: आकडे वाचा

लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये "इन्फर्मेशन" उघडा आणि "एक्स्टेंट" बघा. तिथे चार आकडे असतात. गोव्यात काम करणाऱ्याने तीन जोड्या पाठ करून ठेवाव्यात. पणजी धरून सांगतो.

एक्स ७३.८३ आणि वाय १५.४९ च्या आसपास असेल, तर ते रेखांश-अक्षांश अंशांत आहेत. बहुधा ईपीएसजी ४३२६.

एक्स पावणेचार लाख आणि वाय सतरा लाखांच्या जरा वर, तर ते यूटीएम (पृथ्वीचे उभे पट्टे, म्हणजे झोन पाडून मीटरांत मोजायची पद्धत) झोन ४३ उत्तरमधले मीटर. अख्खा गोवा या पद्धतीत साधारण ३.६ ते ४.३ लाख ईस्टिंग (एक्स) आणि १६.५ ते १७.५ लाख नॉर्दिंग (वाय) एवढ्यात मावतो. डब्ल्यूजीएस ८४ वर (जीपीएस पृथ्वीचा जो आकार धरतो त्यावर) असेल तर कोड ईपीएसजी ३२६४३.

एक्स ८२ लाखांच्या घरात आणि वाय साडेसतरा लाखांच्या आतबाहेर, तर तो वेब मर्केटर, ईपीएसजी ३८५७. इंटरनेटवरचे पार्श्वभूमीचे नकाशे याच पद्धतीत येतात. यातला वाय आणि यूटीएमचा वाय दिसायला सारखेच, म्हणून ओळखायचं ते एक्सवरून.

एक्स-वाय शंभर-हजारांतच असतील, म्हणजे १०००, १००० पासून सुरू झालेले, तर ही टोटल स्टेशनवाल्याने (जमीन मोजायच्या यंत्रावर काम करणाऱ्याने) किंवा ऑटोकॅडवाल्याने स्वतः मांडलेली स्थानिक मोजणी आहे. कुठलाही सीआरएस लावून ती जागेवर येणार नाही. तिच्याकडे पुढे वळू.

हे आकडे आणि लेयरवर लावलेला सीआरएस यांचा मेळ बसत नसेल, तर रोग सापडला. औषध असं: लेयरवर उजवं क्लिक, "लेयर सीआरएस", "सेट लेयर सीआरएस", आणि आकड्यांशी जुळणारा कोड निवडा.

इथे एक घोटाळा जवळजवळ प्रत्येकजण करतो. "सेट लेयर सीआरएस" आतले आकडे बदलत नाही, हे आकडे अमुक पद्धतीतले आहेत एवढंच सांगतं. मिठाच्या डब्यावर साखरेची चिठ्ठी लावली म्हणून आत साखर होत नाही. आकडेच एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत न्यायचे असतील, तर "एक्सपोर्ट"मधलं "सेव्ह फीचर्स ॲज" वापरा आणि तिथे नवा सीआरएस निवडा. क्रम महत्त्वाचा आहे. आधी चिठ्ठी बरोबर करा, मग एक्सपोर्ट. चिठ्ठी चुकीची असताना एक्सपोर्ट केलंत, तर चूक नव्या फाइलमध्ये पक्की होते, आणि दोन महिन्यांनी ती कुठून आली हे कोणालाच सांगता येत नाही. एक्सपोर्ट करताना शेपफाइलऐवजी जिओपॅकेज घ्या. सगळं एकाच फाइलमध्ये राहतं, पीआरजे हरवायची भीती नाही.

तिसरी तपासणी: पडली कुठे, त्यावरून रोग ओळखा

आकड्यांवरून उलगडा झाला नाही, तर ओपनस्ट्रीटमॅप खाली टाका आणि लेयर नेमकी कुठे आहे ते बघा.

स्पिट्सबर्गेनच्या दक्षिणेला, नॉर्वेच्या वरच्या थंडगार समुद्रात? अक्षांश-रेखांशाची अदलाबदल. गुगल मॅपवरून कॉपी केलं की आधी अक्षांश येतो, मग रेखांश. क्यूजीआयएसला मात्र एक्समध्ये रेखांश हवा असतो. सीएसव्ही (साध्या मजकुरातला तक्ता) घेताना एक्स फील्ड आणि वाय फील्डची निवड उलटी झाली, की ७३.८ हा अक्षांश होतो आणि पणजी ध्रुवाकडे निघते. लेयर काढा, पुन्हा घ्या, फील्ड उलटे निवडा.

ओंगोलच्या आसपास, आंध्रच्या किनाऱ्याजवळ? यूटीएम झोन ४३ ऐवजी ४४ लावलाय. झोन सहा अंशांचे असतात, म्हणून लेयर अक्षांश न बदलता सहा अंश पूर्वेला जाते. झोन ४२ लागला तर तेवढीच पश्चिमेला, भर अरबी समुद्रात. गोवा पूर्णपणे ४३ मध्येच येतो, त्यामुळे इथल्या कामात ४२ किंवा ४४ दिसला की तो चुकलेलाच समजा.

मालदीवच्या पश्चिमेला, अगदी विषुववृत्तावर, सगळा तालुका एका ठिपक्यात? अंशांतल्या आकड्यांना यूटीएमची चिठ्ठी लागलीय. ७३ अंश हे ७३ मीटर समजले गेले.

गिनीच्या आखातात शून्य-शून्यावर? सीएसव्हीतल्या त्या ओळींत कोऑर्डिनेट रिकामे किंवा शून्य आहेत. ही सीआरएसची भानगड नाही, फॉर्म भरणाऱ्याची आहे.

आता माझा लाडका नमुना. तिसवाडीतले बिंदू मुरगावच्या नैऋत्येला चाळीसएक किलोमीटर समुद्रात विखुरलेले दिसतात. कोणीतरी १५ अंश २९ मिनिटं ३० सेकंद हे १५.२९३० असं लिहिलंय. खरं दशांश मूल्य १५.४९१७. अक्षांशात बावीस किलोमीटर गेले, रेखांशात तशाच चुकीने पस्तीसेक. ओळखायची खूण सोपी: एक्सेलमध्ये तो कॉलम वरून खाली वाचा. दशांशचिन्हानंतरचे पहिले दोन आकडे एकदाही ५९ च्या वर जात नसतील, तर ते मिनिटंच आहेत. अंश अधिक मिनिटं भागिले ६० अधिक सेकंद भागिले ३६०० असं सूत्र घालून नवा कॉलम बनवा. जुना पुसू नका.

आणि बिंदू एका सरळ तिरक्या रेषेत ईशान्येकडे कर्नाटकात निघाले असतील, तर एक्सेलमध्ये सेलचा कोपरा धरून खाली ओढताना "फिल सिरीज" लागलीय. एक्सेलने प्रत्येक ओळीत एक-एक वाढवत नेलं. मूळ वही काढा, दुसरा इलाज नाही.

चौथी तपासणी: शंभर ते तीनशे मीटर, सगळं एकाच दिशेला

इथून पुढे जरा वेळ काढून बसावं लागतं.

भारतीय सर्वेक्षण खात्याचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट नावाच्या लंबगोलावर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. पृथ्वीचा आकार दोघांनी वेगवेगळा धरला, म्हणून तोच अक्षांश-रेखांश जमिनीवर दोन ठिकाणी येतो. गोव्यात हा फरक दीडएकशे मीटर भरतो. जुन्या टोपोशीटवरून काढलेली लेयर डब्ल्यूजीएस म्हणून टाकली, तर ती खऱ्या जागेपासून साधारण आग्नेयेला सरकलेली दिसते. हीच चूक यूटीएमच्या मीटरांत झाली तर सरक वाढते, अडीचशे मीटरच्याही पुढे जाते. म्हणून आकडा अमुकच हवा असा हट्ट धरू नका. दिशा सगळीकडे एकच आहे का, ते बघा. पेडण्यात आणि काणकोणात सरक सारखीच असेल, तर डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा कोणता आकार धरून मोजलं त्याचा घोळ आहे. दोन्हीकडे वेगळी असेल, तर डेटमला दोष देऊ नका, पुढच्या तपासणीकडे जा.

गोव्याचे टोपोशीट ४८ ई, ४८ आय आणि खाली काणकोणच्या बाजूला ४८ जे या मालिकांत येतात. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेले ओपन सिरीजचे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ आणि यूटीएमवर आहेत. तेव्हा हातात कोणता शीट आहे, हे समासातला मजकूर वाचून ठरवा. स्कॅन करणारे नेमका समास कापून टाकतात. कृपा करून कापू नका.

इलाज: अंशांतली जुनी लेयर असेल तर ईपीएसजी ४१४६, यूटीएम ४३ मधली असेल तर ईपीएसजी २४३४३ लावा. दोन्ही कालियानपूर १९७५ चे आहेत. क्यूजीआयएस कदाचित रूपांतराचे दोन-तीन पर्याय समोर ठेवेल. घाईत "ओके" दाबू नका. एखादं "बॉलपार्क" म्हणून येतं. ते डेटमचा फरक विचारातच घेत नाही, म्हणजे आपली सरक जशीच्या तशी राहते. चुकून निवडलं गेलं असेल, तर प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमधल्या "ट्रान्सफॉर्मेशन्स"मध्ये जाऊन बदलता येतं. योग्य पर्याय घेतल्यावरही काही मीटर, कधी दहा-वीस मीटर फरक उरतो. तो नकाशाच्या स्केलमध्ये खपतो. १:५०,००० च्या शीटवर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर, आणि छापलेली रेघच तेवढी जाड असते.

पाचवी तपासणी: जिओरेफरन्सिंग आणि कच्ची मोजणी

सरक ठिकठिकाणी वेगळी असेल, तर स्कॅन नीट बसवलेला नाही. जिओरेफरन्सरमधले (स्कॅन जमिनीवरच्या खुणांशी जोडून जागेवर बसवणाऱ्या साधनातले) बिंदू पुन्हा बघा. तीन बिंदू एकाच कोपऱ्यात देऊन उरलेला नकाशा देवावर सोडलेला असतो. चारही कोपरे आणि मध्ये दोन-तीन बिंदू घ्या, साधं "पॉलिनॉमियल १" ठेवा. उरलेली चूक एखाद्याच बिंदूवर मोठी दिसत असेल, तर तो बिंदू चुकलाय. सगळीकडे थोडी-थोडी असेल तर कागद. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ओल धरलेला नकाशा एका बाजूने ताणलेला निघतो, त्याला सॉफ्टवेअर काय करणार. चूक कमी दिसावी म्हणून वरच्या घाताचं पॉलिनॉमियल किंवा "थिन प्लेट स्प्लाइन" लावू नका. तक्त्यातला आकडा सुंदर होतो, आणि नकाशा बिंदूंच्या मधल्या जागेत वाकतो.

बिंदू निवडताना देवळाच्या तळीचा कोपरा, जुन्या पुलाचं टोक, चर्चच्या दर्शनी भिंतीचा पाया, रस्त्यांचा चौक असं न हलणारं घ्या. नदीचा काठ, वाळूचा पट्टा, खाजनाचा बांध नको. मानशीचं (खाजनात पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दाराचं) बांधकाम चालेल, तेही जागा बदलून पुन्हा बांधलेलं नसेल तर.

१०००, १००० वाल्या स्थानिक मोजणीलाही हाच उपाय. क्यूजीआयएस ३.२६ पासून जिओरेफरन्सर व्हेक्टर फाइलही घेतो. पण मोजणी करणाऱ्याने जमिनीवर कुठले बिंदू पक्के धरले होते, ते त्याच्याकडून आल्याशिवाय सुरुवात करू नका.

पाच-दहा मीटरच्या फरकाबद्दल दोनच वाक्यं. मोबाइलचा जीपीएस मोकळ्यावर पाचएक मीटर चुकतो, फणस-माडांच्या सावलीत त्याहून जास्त, आणि उपग्रहाचे फोटोही आपसांत काही मीटरांनी वेगळे असतात, विशेषतः सत्तरीच्या डोंगरउतारावर आणि धारबांदोडा-सांग्यातल्या खाणींच्या खड्ड्यांवर. एकच जागा दोन वेगळ्या फोटोंवर ताडून बघा, फरक तिथेच दिसेल आणि सीआरएसच्या मागे लागायची गरज उरणार नाही.

सहावी तपासणी: जागा बरोबर, क्षेत्रफळ चूक

एक हजार चौरस मीटरचा प्लॉट सुमारे १,०८० भरतोय? लेयर वेब मर्केटरमध्ये आहे. ही पद्धत विषुववृत्तापासून दूर जाल तशी क्षेत्रफळ फुगवत नेते, आणि आपल्या अक्षांशावर ती फुगवटी साधारण आठ टक्के येते. ३,७०२ चौरस किलोमीटरचा गोवा त्यात चार हजारांच्या आसपास दिसतो. राज्याच्या नकाशावर कोणाच्या लक्षातही येणार नाही, प्लॉटवर मात्र भांडण लागेल.

फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये दोन वाटा आहेत, त्या वेगळ्या ओळखा. "डॉलर एरिया" प्रोजेक्टमध्ये ठरवलेला लंबगोल धरून मोजतो. "एरिया"च्या कंसात जिऑमेट्री दिली तर लेयरच्या सपाट आकड्यांवरून मोजतो, आणि लेयर अंशांत असेल तर उत्तर चौरस अंशांत येतं, ०.०००००००८ असं काहीतरी. क्षेत्रफळाच्या कामाला लेयर ३२६४३ मध्ये एक्सपोर्ट करून घ्या. मग दोन्ही वाटांनी उत्तर जवळपास सारखं येतं. तसं आलं नाही तर मोजणी अजून कुठेतरी चुकतेय.

कुठे थांबायचं

लेयर हाताने सरकवायचा मोह झाला की थांबा. पर्वरीत बरोबर बसवलेली लेयर पेडण्यात बाहेर पडते, आणि पुढच्या माणसाला ती का सरकवली होती हे कळायला मार्ग राहत नाही.

जमिनीची हद्द, वाटणी, सनद, कुंपणाचा वाद, कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामायिक) जागेवरचा दावा: इथे क्यूजीआयएस बाजूला ठेवा. सर्व्हे नंबरच्या रेघा उपग्रहाच्या फोटोवर टाकून "शेजाऱ्याने दोन मीटर खाल्ले" असं ठरवता येत नाही. एवढा फरक फोटोतच असतो. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा नमुना) आणि सर्व्हे प्लॅन घेऊन जमीन सर्वेक्षण खात्याकडे हद्द आखणीचा अर्ज करा, किंवा परवानाधारक सर्व्हेअर बोलवा. भरतीरेषा आणि सीआरझेडचंही (किनारी नियमन क्षेत्राचंही) तसंच. ती रेघ अधिकृत यंत्रणेने आखलेलीच लागते, आपण घरी काढलेली चर्चेपुरती.

सेंटिमीटरांची अचूकता हवी असेल, तर डीजीपीएसवाला (जास्त अचूक जीपीएस यंत्राने मोजणारा) लागतोच. जुन्या पोर्तुगीजकालीन आराखड्यांचं मूळ मोजमाप शोधायचं असेल, तर जुन्या भूमापनाचा जाणकार गाठा. इंटरनेटवर सापडलेले पॅरामीटर टाकून बघत बसू नका.

आणि कोणालाही बोलवायच्या आधी चार गोष्टी तयार ठेवा: मूळ फाइल, म्हणजे आपण हात लावायच्या आधीची; लेयरच्या "इन्फर्मेशन" पानाचा स्क्रीनशॉट; फाइल कुठून, कोणाकडून आली त्याची नोंद; आणि जमिनीवर स्वतः उभं राहून घेतलेला एक तरी बिंदू, कुठे उभे होतात ते लिहून. सर्व्हेअर सगळ्यात आधी हेच मागतो, आणि नसेल तर तेवढ्यासाठी आणखी एक फेरी लावतो.